बर्फ नसलेल्या साताऱ्यातून आइस हॉकीत करिअर: भाच्याला अडवावं की जाऊ द्यावं?

पोवईनाका (धागाकर्ता)

ताईचा मुलगा चौदा वर्षांचा आहे. चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळतो, राज्य पातळीपर्यंत जाऊन आलाय, हात चांगला आहे. आता स्वारीला नॅशनल हॉकी लीगमध्ये खेळायचंय. म्हणजे ध्यानचंदांची हॉकी नव्हे, अमेरिका-कॅनडातली बर्फावरची. ६ एप्रिल २०२५ ला त्याच लीगमध्ये ओवेच्किनने ८९५ वा गोल मारून ग्रेट्स्कीचा ८९४ चा विक्रम मोडला, तेव्हा हा असा ओरडला की ताई स्वयंपाकघरातून धावत आली.

इथवर कौतुकच. पण आता पुण्यातला एक एजंट भेटलाय. "कॅनडात ज्युनिअर हॉकीत प्लेसमेंट." शाळा, राहणं, कोचिंग धरून वर्षाचा जो आकडा सांगतो त्यात साताऱ्यात बऱ्यापैकी फ्लॅटचं बुकिंग होईल. दाजी एफडी मोडायला निघालेत.

माझं मत: मोडू नये. लीगमध्ये ३२ संघ. ड्राफ्टच्या (संघ पाळीपाळीने नवी पोरं निवडतात त्याच्या) सात फेऱ्या, म्हणजे दर वर्षी जगभरातून २२४ पोरं, तीही साधारण अठराव्या वर्षी. त्यातली बरीचशी खालच्या लीगमध्ये बसने गावोगाव फिरत राहतात आणि वर कधी पोचतच नाहीत. ही पोरं तीन-चार वर्षांची असताना आईबापांनी बर्फावर उभी केलेली असतात. आमच्या गड्याने अजून फ्रीजबाहेरचा बर्फ पाहिलेला नाही.

खाशाबा जाधव आपल्याच जिल्ह्यातले. १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे पोलीस खात्यात नोकरी केली आणि अर्जुन पुरस्कार मिळाला २००० साली, ते गेल्यावर सोळा वर्षांनी. ज्या खेळाची लाल माती दारात आहे त्यातल्या माणसाची ही गत. इथे तर मैदानच आयात करायचं आहे.

कराडकर_आप्पा

खाशाबांचं नाव घेतलंत तर अर्धवट घेऊ नका. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजच्या खर्डीकर प्राचार्यांनी घर गहाण टाकून सात हजार उभे केले. त्यांनी तुमच्यासारखा कागदावर हिशोब मांडला असता तर आज खाशाबांचं गोळेश्वर गाव कोणाला ठाऊक असतं?

आणि लांब कशाला जाता. अदिती स्वामी साताऱ्यात उसाच्या रानातल्या मैदानावर तिरंदाजी शिकली. २०२३ ला बर्लिनमध्ये जगज्जेती झाली तेव्हा वय सतरा. तेव्हाही कोणीतरी मामा म्हणालाच असेल, "धनुष्यबाण घेऊन काय पोट भरणार?"

दाजी तयार आहेत, पोरगं तयार आहे, आणि मामाला पोटशूळ. जाऊ द्या की.

पोवईनाका

आप्पा, प्राचार्यांनी घर गहाण टाकलं तेव्हा खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे येऊन बसलेले होते. वडील पैलवान, लहानपणापासून तालमीत घुमलेलं अंग. प्राचार्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या माणसावर पैसे लावले. भाच्याला बर्फावर कोणी पाहिलंय? त्याने स्वतःसुद्धा नाही. अदितीला पन्नास मीटर मोकळं रान लागलं, ते उसात सापडलं. बर्फाचं मैदान, म्हणजे रिंक, कुठल्या फडात सापडणार?

टवाळ_सांगलीकर

सांगली-मिरजेत बर्फाचे कारखाने आहेत. लाद्या अंथरून घ्या. (हलके घ्या.)

ब्रॅम्प्टनकर

मूळ गाव सांगली, विश्रामबाग. आता कॅनडात, आणि माझा धाकटा इथे हॉकी खेळतो, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितोय.

आधी एजंटबद्दल. इथे पोरांच्या हॉकीतल्या सगळ्यात वरच्या पायरीला मेजर ज्युनिअर म्हणतात, तिथे संघ पोराकडून फी घेत नाही. राहायला स्थानिक कुटुंबाचं घर देतात, त्याला बिलेट म्हणतात, खर्च संघाचा. पण तिथे शिरायचं तर स्थानिक ड्राफ्टच पंधराव्या-सोळाव्या वर्षी होतो आणि परदेशी पोरांसाठी जागा मोजक्या असतात, त्या चेक, स्लोव्हाक, फिनिश पोरं घेतात. जो "प्लेसमेंट"साठी लाखांत पैसे मागतो तो तुम्हाला पैसे भरून खेळायच्या एखाद्या अकादमीत किंवा लीगमध्ये पाठवतोय. बेकायदा काही नाही त्यात. पण तिथून वर जाणारी शिडी फार अरुंद आहे, आणि हे त्याच्या माहितीपत्रकात नसणार. त्याला लीगचं नाव विचारा, एवढंच करा.

दुसरं, पगार. नॅशनल हॉकी लीगमध्ये २०२५-२६ च्या हंगामात किमान पगारच ७,७५,००० डॉलर होता, हे पाहून सगळ्यांचे डोळे फिरतात. दोन पायऱ्या खाली ईसीएचएल नावाची लीग आहे. तिथे आठवड्याला काहीशे डॉलर आणि हंगामापुरतं राहायला घर. हंगाम संपला की पोरं उन्हाळ्यात बांधकामावर, नाहीतर लहान मुलांच्या शिबिरात शिकवायला. व्यावसायिक खेळाडू तोही आणि ओवेच्किनही. करिअर म्हणताना दोघांचं धरा.

तिसरं, खर्च. चांगली कार्बनची काठी तीन-चारशे डॉलरची, आणि ती हंगामात तुटते, एकदाच तुटली तर नशीब. पाय वाढतो तसे स्केट बदलायचे. पहाटे पाचला रिंकवर हातात कॉफी घेऊन कुडकुडणारे बाप इथे पैशाला पासरी आहेत, त्यातला मी एक. आणि एवढं करून माझं पोर नॅशनल हॉकी लीगमध्ये जाणार नाही हे मला आत्ताच माहीत आहे. खेळतं, आनंदात असतं, बास.

कराडकर_आप्पा

म्हणजे तुमच्या पोराने खेळायचं आणि साताऱ्याच्या पोराने हिशोब करायचा. छान.

चाकांवरची

मी साताऱ्यात मुलांना स्केटिंग शिकवते. धागाकर्त्याचा भाचा माझ्याकडचा असेलही, नसेलही.

"बर्फाच्या प्रदेशात जन्मलेलेच खेळतात" हे खरं नाही. ऑस्टन मॅथ्यूज अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात वाढला. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये पहिला गेला आणि लीगमधल्या पहिल्याच सामन्यात चार गोल मारले. नेथन वॉकर सिडनीचा. तेराव्या वर्षी घर सोडून चेक प्रजासत्ताकात खेळायला गेला आणि २०१७ ला या लीगमध्ये खेळणारा पहिला ऑस्ट्रेलियन ठरला. तेरावं वर्ष! त्याच्याही मामाने धागा काढला असता.

पण आप्पा, पुढचं तुमच्यासाठी. चाकांवरून बर्फावर जाणं वाटतं तसं नसतं. बर्फाच्या स्केटचं पातं सुरीसारखं एकधारी नसतं. तळाला मधोमध खोबण कोरलेली असते, त्यामुळे एकाच पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा मिळतात. सगळा खेळ कोणत्या धारेवर भार टाकलाय यावर. थांबायचं तर दोन्ही पाय आडवे घालून धारेने बर्फ खरवडायचा, पांढरा भुसा उडतो. देहरादूनच्या रिंकवर मुलं घेऊन गेले तेव्हा माझी सगळ्यात वेगवान मुलगी पहिल्या वळणावर थांबायला गेली आणि थेट कठड्यावर आदळली. इनलाइनची, म्हणजे चाकांच्या स्केट्सची, सवय पायात मुरलेली असते. चौथ्या दिवशी जमायला लागलं तिला. पण कॅनडातलं पोर हे सहाव्या वर्षी, विचार न करता करतं.

चेंडूऐवजी जी चकती असते तिचंही तसंच. आमच्या इनलाइनची चकती हलकी, प्लॅस्टिकची. बर्फावरची टणक रबराची, १७० ग्रॅमच्या आसपास, आणि उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. पहिल्यांदा काठीवर घेतली की मनगटाला झिणझिण्या येतात.

म्हणून माझं म्हणणं मधलं. अडवू नका, पण कॅनडाही नको. आधी देहरादून.

पोवईनाका

मॅथ्यूजच्या गावाशेजारी फिनिक्समध्ये १९९६ पासून लीगचाच संघ होता. वाळवंट खरं, पण छपराखाली बर्फ होता. वॉकरही सिडनीत लहानपणापासून बर्फावरच खेळायचा. दोघांची उदाहरणं माझ्या बाजूची आहेत.

मिरजेचा_हाडवैद्य

पैशांचं तुम्ही बघा, मी शरीराचं लिहितो.

एक खेळाडू एका वेळी बर्फावर पाऊण मिनिटाच्या आसपास असतो, मग बाकावर, मग पुन्हा. त्या पाऊण मिनिटात पूर्ण ताकदीने पळणं आणि कठड्यावर माणसं आदळणं. असे हंगामात ऐंशीच्या वर सामने, प्लेऑफ (बाद फेरीचे सामने) वेगळे. खांदा, गुडघा, जांघ, यांची दुरुस्ती होते. आमचा तोच धंदा. डोक्याची होत नाही. डेरेक बुगार्ड नावाचा खेळाडू होता, त्याचं कामच मुख्यतः मारामारीचं. या खेळात मारामारीला पाच मिनिटं बाहेर बसवतात, हाकलून देतात असं नाही. २०११ मध्ये तो अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. वेदनाशामक गोळ्या आणि दारू. मेंदू तपासला तर वारंवार मार बसल्याने होणारा सीटीई हा आजार निघाला. पुढे तीनशेच्या वर माजी खेळाडूंनी लीगवर केलेला दावा २०१८ ला जेमतेम १९ दशलक्ष डॉलरवर मिटला, आणि लीगने जबाबदारी काही मान्य केली नाही.

मॅनी मल्होत्राचं नाव भाच्याला माहीत असेल. वडील भारतातले, स्वतः कॅनडात जन्मलेला, १९९८ च्या ड्राफ्टमध्ये सातवा. २०११ च्या मार्चमध्ये चकती डोळ्यावर बसली. त्याच वर्षी जूनमध्ये अंतिम फेरीत तो पुन्हा उतरला, यावर टाळ्या वाजतात. डोळ्याची दृष्टी पूर्ण परत आली नाही, यावर कोणी बोलत नाही.

२०२३ ला इंग्लंडमध्ये चालू सामन्यात स्केटचं पातं लागून अ‍ॅडम जॉन्सनचा गळा कापला गेला, तो वाचला नाही. त्यानंतर कुठे गळ्याच्या संरक्षकाची सक्ती गांभीर्याने सुरू झाली.

कुस्तीत कान चुरगाळतात, मान जाते, ते रोज बघतो. तरी पैलवानांना मी तालीम सोडा म्हणत नाही. इथे मात्र म्हणेन.

कराडकर_आप्पा

डॉक्टर, गॉर्डी हाऊ बावन्नाव्या वर्षी याच लीगमध्ये पूर्ण हंगाम खेळला, स्वतःच्या पोरांबरोबर. यागर तर पन्नाशीनंतरही चेक लीगमध्ये स्केट बांधून उतरला. त्यांना सांगा हाडांचं.

मिरजेचा_हाडवैद्य

आप्पा, वयाच्या नव्वदीत रोज अजिंक्यतारा चढणारे एक आजोबा मलाही माहीत आहेत. म्हणून मी गुडघ्याचे दवाखाने बंद करायचे का?

निवृत्त_सुभेदार

राम राम मंडळी. गाव आपशिंग्याच्या बाजूला. नोकरीत लडाखला होतो, तिथं हा खेळ बघितला आणि थोडाफार खेळलो पण. थंडीत रात्री मैदानावर पाणी सोडायचं, सकाळपर्यंत दगड. दुपारी ऊन लागलं की वरचा थर पिठासारखा मऊ व्हायचा आणि खेळ बंद. डिसेंबर ते फेब्रुवारी, एवढाच हंगाम. जुनी माणसं सांगायची की पूर्वी फौजी बुटाला लोखंडी पात्या ठोकून खेळायचे.

धाग्यात कुणी लिहिलं नाही ते सांगतो. भारतात या खेळाची खरी माणसं लडाखची. सैन्याचे संघ आहेत, आयटीबीपीचे (भारत-तिबेट सीमा पोलिसांचे) आहेत, बायकांचे सुद्धा. खेलो इंडियाची बर्फावरची हॉकी लेहलाच होते. तिथल्या पोरांना खेळाचा पगार नाही, वर्दीचा पगार आहे. भारतापुरतं बोलायचं तर करिअर हेच. त्या पोराला विचारा, फौजेत जायची तयारी हाय का? सैनिक स्कूल साताऱ्यातच हाय. नसेल तर मग छंद म्हणा आणि खेळा की मजेत.

चाकांवरची

सुभेदार काकांनी बायकांचा विषय काढला म्हणून विचारते. धागाकर्ते, तुमची भाचीही खेळते ना? मागे दुसऱ्या एका धाग्यावर तुम्हीच लिहिलं होतं, गोलकीपर आहे म्हणून. तिच्यासाठी कोणी एफडी मोडायला निघालंय का?

पुरुषांच्या भारतीय संघापेक्षा महिला संघाची बातमी मोठी आहे. २०१६ ला पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या आणि २०२५ ला अमिरातीत आशिया चषकात कांस्यपदक आणलं. कॅनडा-अमेरिकेत महिलांची व्यावसायिक लीग जानेवारी २०२४ ला सुरू झाली, सुरुवातीला सहा संघ. किमान पगार पहिल्या वर्षी ३५,००० डॉलर. पुरुषांच्या किमान पगाराशेजारी ठेवून बघा म्हणजे कळेल कोण कशासाठी खेळतंय. ती तिथे पोचेल असं मी अजिबात म्हणत नाही. पण भारतीय संघाचा विचार करायचा तर दोघांत तिची शक्यता जास्त, आणि गोलकीपर सगळ्यांनाच कमी पडतात.

पोवईनाका

भाचीचं ताईला दाखवतो. दाजींना ताईच दाखवेल, माझं ते ऐकत नाहीत.

एजंटला आज फोन करून लीगचं नाव विचारलं. "इंटरनॅशनल लेव्हल" म्हणाला. पुन्हा विचारलं, तर "आधी टोकन भरा, मग सगळी फाइल पाठवतो." ब्रॅम्प्टनकर, आभार. टोकन भरलं जाणार नाही एवढं मी बघतो. देहरादूनला दोघांनाही नेता येईल, मे महिन्याच्या सुट्टीत. माझं मूळ मत मात्र तेच. या खेळाच्या कारकिर्दीवर घर पणाला लावू नये.

कराडकर_आप्पा

मे महिन्यात देहरादूनची रेल्वे रिझर्व्हेशनं आत्ताच बघा, चारधामची गर्दी असते. दोघांच्या तिकिटाचे पैसे माझ्याकडून, व्यक्तिगत निरोप करा. आणि पोराला सांगा, मामाचा धागा वाचू नकोस.