दुबईतली टॅक्सी आणि पत्त्याचा घोळ

दुबईच्या ‘बर दुबई’ या जुन्या भागात टॅक्सीवाले जवळचं भाडं नाकारतात, ही तुमची तक्रार अगदी रास्त आहे. दुपारी चारच्या सुमाराला चालकांची पाळी बदलते, तेव्हा तर रिकामी गाडीही थांबत नाही. ती वेळ टाळाच.

पण नवख्यांचे खरे हाल पत्त्यापायी होतात. इथं पत्ता म्हणजे ‘अमक्या सुपरमार्केटच्या मागे’! त्यावर उपाय म्हणजे ‘मकानी’, ही दुबईची पत्त्याच्या क्रमांकांची पद्धत. इमारतीच्या दाराशी तिची पाटी असते. पाटीवरचा 10 आकडी क्रमांक मकानीच्या ॲपमध्ये टाकला की नेमकं प्रवेशद्वार सापडतं. तुमच्या इमारतीचा क्रमांक घरातल्या सगळ्यांच्या, मुलांच्याही फोनमध्ये आजच टाकून ठेवा.

वहिनी एकट्या येणार असतील तर गुलाबी टपाची टॅक्सी बघा. ती चालवणारी बाईच असते. आणि पावती घ्याच. बॅग विसरली तर त्यावरच्या गाडीच्या क्रमांकावरून आरटीएकडे, म्हणजे दुबईच्या रस्ते व वाहतूक प्राधिकरणाकडे, चौकशी करता येते.