मदत हवी आहे : गरोदरपणातील तपासणी नोंदवहीत दिसते, पण ती प्रत्यक्षात झाली का, हे कसे मोजावे?

नमस्कार. मी सार्वजनिक आरोग्य या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या पाड्यांवर गरोदर स्त्रियांना मिळणारी आरोग्यसेवा हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. प्रत्यक्ष काम सुरू होण्यापूर्वीच मी एका अडचणीशी येऊन थांबले आहे. येथे आरोग्यखात्यात आणि स्वयंसेवी संस्थांमध्ये वर्षानुवर्षे काम केलेली मंडळी आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सुरुवातीला माझा प्रश्न केवळ अंतराचा होता. १९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या दोन संशोधिकांनी मातामृत्यूंमागील 'तीन विलंबां'ची मांडणी केली : घरात निर्णय होण्यास लागणारा वेळ, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ आणि पोहोचल्यानंतर योग्य उपचार मिळण्यास लागणारा वेळ. यातील दुसरा विलंब नकाशावरून सहज मोजता येईल, अशी माझी समजूत होती. पहिल्याच पाहणीत ती मोडली. नकाशावर नऊ किलोमीटर दिसणाऱ्या पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत उतरायला उन्हाळ्यात दीड तास लागतो, आणि पावसाळ्यात नाला भरला की बाईला बांबूच्या झोळीतून आणणाऱ्या माणसांना पाणी ओसरेपर्यंत काठावर बसून राहावे लागते. त्यामुळे किलोमीटरऐवजी ऋतूनुसार लागणारा वेळ मोजायचा, असे मी ठरवले आणि तो प्रश्न माझ्यापुरता सुटला.

सुटला नाही तो तिसरा विलंब, म्हणजे सेवेचा दर्जा. एका पाड्यावर प्रश्नावलीची चाचणी घेताना मी सात महिन्यांच्या बाळाच्या आईशी बोलत होते. "दवाखान्यातील सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?" या प्रश्नाला तिने "चांगली आहे" असे उत्तर दिले. तिच्या आधीच्या सर्व स्त्रियांनीही हेच उत्तर दिले होते. मग तिने कुडाच्या भिंतीत खोचलेली प्लास्टिकची पिशवी काढून माता-बाल संरक्षण कार्ड माझ्या हातात दिले. कार्डावर चार तपासण्या नोंदलेल्या होत्या. चारही वेळा रक्तदाब ११०/७० आणि चारही वेळा हिमोग्लोबिन १० होते. मी तिला विचारले, "दंडाला पट्टा बांधून हवा भरली होती का?" तिने थोडा विचार केला, उजव्या दंडावर हात ठेवला आणि "एकदा" असे सांगितले. बोटाला सुई टोचल्याचेही तिला एकदाचेच आठवत होते.

तेव्हापासून हे कार्ड माझ्या डोक्यातून जात नाही. कागदावर या मातेला चारही तपासण्या मिळाल्या आहेत आणि जिल्ह्याच्या अहवालात ती 'सेवा मिळालेली' म्हणूनच मोजली जाणार आहे. राज्याचे सरासरी आकडे चांगले आहेत, यात शंका नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात ९४.७ टक्के प्रसूती संस्थेत, म्हणजे घराऐवजी दवाखान्यात, झाल्या होत्या, आणि २०१८-२० या काळातील नमुना नोंदणीनुसार (निवडक भागांतील जन्म-मृत्यूंच्या सरकारी नोंदीनुसार) दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण ३३ होते, तर देशाचे ९७. परंतु संस्थेपर्यंत पोहोचणे आणि तेथे जे व्हायला हवे ते होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००५ मध्ये दवाखान्यात बाळंत होणाऱ्या मातेला रोख मदत देणारी जननी सुरक्षा योजना आल्यानंतर संस्थात्मक प्रसूती झपाट्याने वाढल्या, मात्र नऊ राज्यांतील जिल्ह्यांची तुलना करणाऱ्या एका अभ्यासात या वाढीचा मातामृत्यूंच्या प्रमाणाशी स्पष्ट संबंध आढळला नाही. २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांविषयी जो हिशेब मांडला, त्यानुसार उपचाराने टळू शकणाऱ्या वर्षाकाठच्या सुमारे ८६ लाख मृत्यूंपैकी ५० लाख मृत्यू आरोग्यव्यवस्थेपर्यंत पोहोचलेल्या माणसांचे होते.

माझा पहिला प्रश्न दर्जा मोजण्याच्या पद्धतीविषयी आहे. समाधान विचारण्याऐवजी 'पट्टा बांधला का', 'सुई टोचली का', 'झोपवून पोटाला हात लावून पाहिले का' अशा नेमक्या कृती विचारल्या, तर त्या उत्तरांवर कितपत विसंबता येईल? बाळंतपणानंतर किती महिन्यांपर्यंतच्या मातांना हे विचारणे योग्य ठरेल?

दुसरा प्रश्न मला अधिक छळतो. उपकेंद्राच्या नोंदवहीतून माता निवडल्या, तर नोंदवहीपर्यंत जी पोहोचलीच नाही ती माझ्या अभ्यासातही येणार नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांमध्ये केलेले आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन मी पुन्हा वाचले. त्यांनी तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि यापूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. हे काम गावातल्या सर्व स्त्रियांपर्यंत न जाता दवाखान्यात बसून झाले असते, तर बहुसंख्य स्त्रिया दिसल्याच नसत्या. माझ्याकडे वेळ पाच महिन्यांचा आहे आणि सोबतीला पावरी ही तेथील आदिवासींची बोली बोलणाऱ्या दोन सहकारी आहेत. एवढ्या बळावर नोंदवहीबाहेरची बाई कशी शोधावी?

तिसरा प्रश्न सचोटीचा आहे. नोंद आणि वास्तव यांत तफावत आढळली, तर तिचा ठपका बहुधा उपकेंद्रातील एकट्या परिचारिकेवर येईल. डोंगराळ व आदिवासी भागात एका उपकेंद्रामागे ३,००० लोकसंख्या, असा निकष आहे. मैदानातल्या ५,००० च्या तुलनेत तो सोपा वाटतो. पण ही लोकसंख्या चार डोंगरांवरच्या पाड्यांत विखुरलेली असते आणि पायपीट कोणत्याही निकषात धरलेली नाही. माझ्या प्रबंधामुळे कोणा परिचारिकेवर कारवाई व्हावी, अशी माझी मुळीच इच्छा नाही. पण म्हणून जे दिसले ते लपवणेही मला मान्य नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

नमस्कार ताई. मी काही वर्षे लोकाधारित देखरेख प्रकल्पात, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवर गावकऱ्यांनीच लक्ष ठेवण्याच्या उपक्रमात, काम केले आहे. २००७ मध्ये तो राज्यातील ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत नंदुरबारही होता, त्यामुळे तुमच्या अडचणीचा अंदाज आहे.

मातांची यादी एका नोंदवहीवरून करू नका. आशाताईंची गरोदर मातांची यादी, अंगणवाडीतील पोषण आहाराची यादी आणि लसीकरण सत्राची यादी या तिन्ही समोर ठेवून नावे जुळवा. एकीत असलेले आणि दुसरीत नसलेले प्रत्येक नाव तुमच्या कामाचे आहे. त्यानंतर निवडलेल्या पाड्यांवर एकही घर न वगळता फिरा. संपूर्ण तालुका घेण्यापेक्षा सात-आठ पाडे घ्या, पण ते पूर्ण घ्या. प्रत्येक घरी दोन प्रश्न वेगळे विचारा : या घरातील कोणी सून माहेरी बाळंत झाली का, आणि या घरातील कोणी लेक येथे येऊन बाळंत झाली का? माहेरच्या बाळंतपणामुळे अनेक स्त्रिया दोन्ही गावांच्या यादीतून गळतात.

काम कधी करता यालाही फार महत्त्व आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला आणि शेतमजुरीला गुजरातेत जातात. जानेवारीत गेलात, तर घरांना कुलपे दिसतील, आणि स्थलांतराच्या काळात बाळंत झालेली, म्हणजे सर्वांत कमी सेवा मिळालेली स्त्री नेमकी तुमच्या अभ्यासातून सुटेल. होळीला मात्र सातपुड्यातील माणूस कुठेही असला, तरी घरी परततो. सणाच्या दिवसांत मुलाखती घेऊ नका, पण सण आटोपल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत घरोघरी जा.

आठवणीविषयी सांगायचे, तर गरोदरपणात स्वतःच्या अंगावर झालेली कृती स्त्रियांना बऱ्यापैकी लक्षात राहते. कळा चालू असताना आणि बाळ जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत काय झाले, याबद्दलची उत्तरे त्यामानाने कच्ची असतात, तेव्हा ते प्रश्न गाळा. बाळ एक वर्षाच्या आतले असेल अशाच माता घ्याव्यात, असे मला वाटते. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही रक्तदाब मोजला का, रक्त व लघवी तपासली का, पोट तपासले का, हे प्रश्न असतात. त्यांची शब्दरचना शक्य तेवढी तशीच ठेवलीत, तर तुमची आकडेवारी त्यांच्या शेजारी मांडता येईल.

प्रतिसाद २

ताई, मी आदिवासी भागातील उपकेंद्रात एकवीस वर्षे परिचारिका होते. तुम्ही ११०/७० लिहिलेले वाचले आणि मला माझ्याच नोंदवह्या आठवल्या.

महिन्याच्या बैठकीला रिकामा रकाना चालत नाही. 'यंत्र बंद असल्याने तपासणी झाली नाही' असे लिहिण्यासाठी कोणत्याही नोंदवहीत जागा नसते आणि तसे लिहिणारीलाच जाब विचारला जातो. रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा फाटलेला असतो किंवा त्याचा फुगा गळत असतो. साहलीच्या पद्धतीने हिमोग्लोबिन पाहायचे, तर नळी शाबूत हवी, सौम्य आम्ल शिल्लक हवे आणि रंग जुळवायला चांगला उजेड हवा. पावसाळ्यात पाड्यावरच्या अंधाऱ्या खोलीत तो रंग कोणालाही जुळवता येत नाही. अशा वेळी हात आपोआप १० लिहितो. माझ्याही हाताने ते लिहिले आहे आणि त्याचे मला आजही वाईट वाटते, कारण १० लिहिलेल्या त्या बायकांमध्ये प्रत्यक्षात हिमोग्लोबिन सहा असलेली, म्हणजे तीव्र रक्तक्षय असलेली, एखादी बाई असू शकत होती.

म्हणून मातेला विचारता तेवढ्याच बारकाईने परिचारिकेलाही विचारा. यंत्र शेवटचे कधी दुरुस्त झाले, मागणीपत्र कधी पाठवले, साहित्य कधी आले, हे तारखांसह लिहून घ्या. महिन्यातील कोणते दिवस सत्रात, कोणते बैठकीत आणि कोणते चालण्यात गेले, हेही नोंदवा. तफावत कोठून निर्माण होते हे त्यातून दिसेल आणि तो ठपका एका बाईच्या माथी मारला जाणार नाही.

मूळ लेखिकेचे उत्तर

दादा आणि ताई, दोघांचे मनापासून आभार. माझे वेळापत्रक मी होळीनंतरच्या आठवड्यांवर हलवते आहे आणि तीन याद्या जुळवण्याचा तक्ता आजच तयार करायला घेतला आहे. प्रश्नावलीत परिचारिकांसाठी स्वतंत्र भाग करते. निष्कर्ष मांडताना उपकेंद्राचे किंवा पाड्याचे नाव न देता सर्व उपकेंद्रांची माहिती एकत्र मांडण्याचा विचार आहे. माझ्या संस्थेच्या नीतिसमितीपुढेही हे तसेच लिहून देईन.

ताई, एक प्रश्न उरतो. तुमचे म्हणणे खरे असेल, तर सहा हिमोग्लोबिन असलेली एखादी गरोदर स्त्री मला मुलाखतीच्या दिवशीच समोर भेटू शकते, आणि तेव्हा प्रबंध पूर्ण होण्याची वाट पाहणे मला शक्य होणार नाही. मी सोबत हिमोग्लोबिन मोजण्याचे लहान यंत्र न्यावे आणि कमी आढळलेल्या स्त्रीला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवण्याची व्यवस्था परिचारिकेशी आधीच बोलून ठरवावी, असे मनात आहे. परिचारिकेला ते आपल्या कामावरचे अतिक्रमण वाटू नये, यासाठी तिच्याशी हे बोलणे कसे सुरू करावे? आपली हरकत नसेल, तर प्रश्नावलीचा तो भाग मी उद्या येथेच टाकते. आपण तो परिचारिकेच्या नजरेने वाचून पाहावा, ही विनंती.