मदत हवी आहे : सागरी प्रकल्पाच्या अनुदान-अर्जात टीआरएल किती लिहू?

नमस्कार मंडळी. समुद्राच्या पाण्याची क्षारता आणि गढूळपणा मोजणारा छोटा तरंगता बोया आम्ही तिघांनी बनवलाय. सरकारी अनुदानाचा अर्ज भरताना टीआरएलपाशी, म्हणजे तंत्रज्ञान कितपत तयार आहे ते १ ते ९ मध्ये सांगायच्या रकान्यापाशी, गाडी अडलीये.

लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ घातलेल्या टाकीत बोया महिनाभर चोख चालला. म्हणजे ४ (प्रयोगशाळेत चालतं) नक्की. मग धक्क्यालगत खऱ्या पाण्यात सोडला, तर अकराव्या दिवशी सेन्सरच्या काचेवर शेवाळाचा बुळबुळीत थर आणि आकडे भलतीकडेच! काच पुसली की पुन्हा ताळ्यावर. (पुसायला जुना टूथब्रश. हे अर्जात लिहीत नाहीये.) याला ५ (प्रत्यक्षासारख्या परिस्थितीत चालतं) म्हणता येईल का? की परीक्षक ४ वरच अडवतील? मला वाटतं, हे लपवण्यापेक्षा शेवाळावरच्या उपायासाठीच निधी मागावा. जोडीदार नको म्हणतोय.

शिवाय समुद्र खवळला की बोटीचं भाडं फुकट जातं, ते वाया जाणारे दिवस खर्चपत्रकात कुठे दाखवता? आणि उपकरण पाण्यात सोडायची परवानगी अर्जाआधीच हातात लागते, की नंतर चालते? असे अर्ज भरलेल्यांनी कृपया सांगा.