'ॲनिमिझम'ला मराठीत काय म्हणायचं?

तापीकाठ (धुळे): एका चित्रप्रदर्शनाच्या फलकांचा अनुवाद करतेय. विषय, चेहरे असलेल्या वस्तू. टोनी आउर्सलर हा अमेरिकन कलावंत कापडी बाहुल्यांवर बोलत्या चेहऱ्यांचे व्हिडिओ पाडतो, तशी कामं. क्युरेटर आन्सेल्म फ्रांकेने २०१० मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पला मांडलेल्या 'ॲनिमिझम' (वस्तूंनाही आत्मा असतो ही श्रद्धा) प्रदर्शनाचाही उल्लेख आहे. त्या शब्दासाठी मी 'सर्वात्मवाद' लिहिलं. संपादकांनी खोडून 'चेतनगुणोक्ती' केलं. मला हे पटत नाही. तो अलंकार आहे. झाड बोलत नाही हे कवीला पक्कं ठाऊक असतं.

पारोळेकर: संपादक चुकलेत, पण 'सर्वात्मवाद'ही नको. वाचणाऱ्याला थेट वेदान्त आठवेल, सगळीकडे एकच आत्मा. मानववंशशास्त्रज्ञ टायलरने १८७१ मध्ये ही संज्ञा मांडली ती डोंगराला, झाडाला, नदीला आपापला आत्मा असतो या श्रद्धेसाठी. मी 'जडप्राणवाद' लिहीन.

अमळनेरची लेक: 'जडप्राणवाद' माझ्या आईला वाचून दाखवा, ती पुढच्या चित्राकडे जाईल. आमच्याकडे कानबाई, खानदेशातली देवी, बसते, श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. आजी नारळ धुऊन पुसून ठेवायची, तेव्हा पोरं त्याला हात लावायची, कुणी काही बोलायचं नाही. मग डोळे बसायचे, नथ चढायची. त्यानंतर आजी त्याच नारळासमोर पदर सावरून बसायची आणि म्हणायची, "कानबाई उनी," म्हणजे आली. यात 'वाद' कुठे आहे? फलकावर 'जागेपण' का चालू नये? देवस्थानाला आपण जागृत म्हणतोच की.

सातपुड्याखाली: ताई, 'जागेपण' छान आहे, पण डोळ्यांवर सगळा भार टाकू नका. शिवारातला म्हसोबा पाहा. शेंदूर फासलेला धोंडा, नाक नाही, डोळे नाहीत, आणि त्याला नारळ फोडल्याशिवाय पेरणी होत नाही. अशा अवयव नसलेल्या देवाला 'तांदळा' हा नेमका शब्द मराठीत आहे. उलट बुजगावण्याच्या मडक्यावर चुन्याने डोळे, मिशा सगळं काढतात, त्याला कोण हात जोडतं? चेहरा वेगळा, जीव वेगळा. प्रदर्शनाने दोन्हींची गल्लत केली असेल तर अनुवादाने ती झाकू नये.

तापीकाठ: हे मला हवं होतं. पण आउर्सलरच्या बाहुलीला काय म्हणू? ती बुजगावणं की कानबाई?

पारोळेकर: दोन्ही नाही. तिथे पूजा नाही, म्हणून 'जागेपण'ही नाही. परिभाषा भावनेवर ठरत नसते.

अमळनेरची लेक: बोलणाऱ्या माणसांना वगळूनही ठरत नसते, दादा.

सातपुड्याखाली: वणीला २०२२ मध्ये सप्तशृंगीवरचा शेंदराचा थर काढला, तेव्हा आतलं मूळ रूप दिसलं. आमच्या गावात कित्येकांना जुनाच चेहरा देवीचा वाटत होता. लेप देखील चेहरा होतो, याला काय शब्द?

पारोळेकर: 'कवच' म्हणतात. बाकी 'तांदळा' हा तांदळाच्या दाण्यावरून, तसाच गुळगुळीत म्हणून. आणि कानबाई म्हणजे कान्हाची बाई, त्यावरूनच कान्हदेश.

रावेरचा: तांदळाचं मान्य. कान्हदेशाचं अजिबात नाही. इथले फारुकी राजे 'खान' पदवी लावत, त्यावरून खानदेश. शिवाय सगळं खानदेश 'उनी' म्हणत नाही. आमच्या लेवा बोलीत कानबाई 'आली'.

अमळनेरची लेक: तुमच्याकडे आली असेल. अहिराणीत उनीच.