माठ पाझरत नाही, पाणी गार होत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सोलापुरात सध्या पारा चाळिशीपार आहे, हवाही कोरडी ठणठणीत, म्हणजे माठासाठी एकदम योग्य. तरी आमचा दोन उन्हाळे वापरलेला लाल माठ यंदा पाणी गार करत नाही. पूर्वी हात लावला की ओल लागायची. आता तो बाहेरून कोरडा आणि बुडाशी खरखरीत पांढरा थर. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बोअरचं जड पाणीच भरतो.

एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता सोबत नेतं, म्हणजे पाझर थांबला की गारवाही थांबणार, एवढं समजतं. काथ्यानं घासलं, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवला, खिडकीत वाऱ्याला ठेवला; फरक नाही. ओलं गोणपाट गुंडाळलं की मात्र पाणी गार होतं, तेव्हा जागेचा दोष नसावा. शेजारचा नवा माठ याच खिडकीत ठेवून पाहिला, तो छान पाझरतो.

साबण लावायचा नाही, माती तो शोषून घेते. वरचा थर लिंबाने किंवा व्हिनेगरने विरघळेल, पण छिद्रांच्या आत बसलेले क्षार निघतात का? कोणी करून पाहिलं असेल तर आम्ल किती पातळ घ्यायचं, किती वेळ ठेवायचं, आणि नंतर पाण्याला आंबट चव राहते का?