दोन-दोन शाळांचं ओझं युक्रेनच्या पोरांवर कशाला?

इसारकाठची
म्युनिकला येऊन दहा वर्षं झाली. २०२२ च्या उन्हाळ्यापासून दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या भागातल्या एका हॉलवर युक्रेनहून आलेल्या मुलांचा अभ्यास घ्यायला जाते. घेते म्हणजे काय, शेजारी बसते, चहा पिते, अडलं की सांगते. परवा यावरूनच नवऱ्याशी जोरदार वाजलं म्हणून म्हटलं इथे विचारावं.

माझ्याकडे खारकिवची एक मुलगी येते, सातवीत आहे. सकाळी आठ ते एक जर्मन शाळा, घरी येऊन चार घास खाते न खाते तोच लॅपटॉप उघडायचा आणि खारकिवच्या शाळेचे ऑनलाइन तास सुरू, मग मध्येच तिकडे सायरन वाजतो, बाई शेल्टरमध्ये जातात आणि इकडे ही पोर रिकाम्या स्क्रीनसमोर बसून राहते, कारण उठली आणि तेवढ्यात बाई परत आल्या तर गैरहजेरी लागेल ही भीती. रात्री दोन्हीकडचा होमवर्क. गेल्या गुरुवारी वहीवरच डोकं टेकून झोपली, उठली तर गालावर शाईचे अपूर्णांक उमटलेले.

माझं म्हणणं असं की जिथे रोज सकाळी जाते तीच तिची शाळा, बाकीचं जेवढं झेपेल तेवढंच. युक्रेनियन भाषा, साहित्य, इतिहास सोडा असं मी म्हणतच नाहीये. उलट तिकडच्या शिक्षण मंत्रालयानेच परदेशातल्या मुलांसाठी सोय केलीये, आठवड्याला सहा-आठ तास फक्त युक्रेनशी संबंधित विषय करायचे, गणित-विज्ञानाचे मार्क इथल्या शाळेचे धरतात. मग अख्खी दुसरी शाळा कशासाठी? आणि आम्ही मदत करणारे लॅपटॉप वाटून हीच डबल ड्युटी वाढवतोय असं मला वाटायला लागलंय. नवरा म्हणतो, गाव सुटलं म्हणून शाळाही सोडायची का. बोला.

करवीरकर
ताई राग मानू नका, पण मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने. आमच्या कोल्हापूरला लागून वळिवडे आहे, तिथे १९४३ ते ४८ पोलिश लोकांचा कॅम्प होता, साधारण पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. रशियाने सैबेरियात नेऊन टाकलेली, तिथून सुटून इराणमार्गे आलेली. आमच्या आजोबांची दूध घालायला तिकडे खेप असायची. तर त्या लोकांनी आल्या आल्या काय केलं असेल? शाळा काढल्या, पोलिश भाषेत, पोलिश अभ्यासक्रमाच्या. कुणी म्हटलं नाही की पोरांना मराठी शाळेत घाला, पंचगंगेच्या काठीच राहायचंय आता. २०१९ ला त्यातली काही माणसं परत वळिवडे बघायला आली होती, नव्वदीला टेकलेली, आणि ती शेवटपर्यंत पोलिशच राहिली. ते कशामुळे? शाळेमुळेच ना.

मूल दमतं हे खरंय, पण देशच नकाशावरून पुसायला कुणी निघालं असेल तर थोडं दमलेलं परवडलं.

इसारकाठची
दादा, वळिवडेचं उदाहरण मस्त दिलंत पण ते तुमच्यावरच उलटतंय की. त्या मुलांना एकच शाळा होती, पोलिश. दिवसा कोल्हापुरी आणि रात्री पोलिश अशी दोन शिफ्टची नव्हती. आणि कॅम्प बंद झाल्यावर ती माणसं गेली कुठे? बहुतेक इंग्लंडला, काही ऑस्ट्रेलिया-अमेरिकेला. पोलंडला परतलेले थोडेच. म्हणजे ज्या देशासाठी शिकवलं तिथे जाताच आलं नाही बहुतेकांना. इथेही मार्च २०२२ मध्ये युरोपने तात्पुरतं संरक्षण दिलं, तो कायदा २००१ चा पण वापरला तेव्हा पहिल्यांदा, आणि एक-एक वर्ष वाढवत आता मार्च २०२७ पर्यंत नेलाय. तात्पुरतं तात्पुरतं म्हणत पाच वर्षं. पहिलीतलं पोर सहावीत जातं तेवढ्यात.

करवीरकर
इंग्लंडला गेले तरी पोलिशच राहिले, मी तेच सांगतोय. बरं एक विचारतो, तिकडच्या महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत तुमची पोरं जातात का नाही शनिवारी? जात असतील तर आपल्याला वेगळा न्याय आणि त्यांना वेगळा का?

इसारकाठची
जातात 🙂 पण शनिवारी, दीड तास, आणि त्यातला अर्धा तास डबा खाण्यात जातो. बुडवली तर वर्ष वाया जात नाही. युक्रेनियन लोकांच्याही अशा शनिवारच्या शाळा आहेत की, त्याला कोण नाही म्हणतंय. रोज पाच तासांच्या दुसऱ्या शाळेला म्हणतेय मी.

व्रोत्सवाफकर
मी पोलंडमध्ये आयटीत आहे, माझ्या मुलीच्या वर्गात युक्रेनची सहा मुलं. इकडे आधी आईबापांनी लिहून दिलं की मूल युक्रेनच्या ऑनलाइन शाळेत शिकतंय तर पोलिश शाळेत घालायची गरज नव्हती. कागदावर ऑनलाइन, प्रत्यक्षात पोर दिवसभर फ्लॅटमध्ये एकटं, आई वेअरहाऊसला बारा तासांच्या शिफ्टवर. आमच्या बिल्डिंगमध्येच होता एक मुलगा, लिफ्टमध्ये भेटायचा, दोन वर्षं त्याला पोलिशमध्ये ‘गुड मॉर्निंग’च्या पुढे काही येत नव्हतं. मग १ सप्टेंबर २०२४ पासून सरकारने शाळा सक्तीची केली आणि पुढे दर मुलामागे महिन्याला जे ८०० झ्लॉटी मिळतात तेही शाळेत जाण्याशी जोडले. तो मुलगा आता शाळेच्या टीममध्ये फुटबॉल खेळतो.

म्हणून मी ताईंच्या बाजूने आहे पण एक गोष्ट खटकते. पैसे शाळेला जोडले ठीक, मग शाळेत त्यांच्यासाठी माणूस पण द्या. दोन्ही भाषा येणारा एक मदतनीस शिक्षक असतो इकडे, मुलीच्या शाळेत एक बाई आहेत, त्यांच्या वाट्याला किती वर्ग येतात बघून कीव येते. पोलिश आणि युक्रेनियन जवळच्या भाषा आहेत म्हणून सगळे गृहीत धरतात की पोरं आपोआप शिकतील. मराठी माणसाला हिंदी येतं म्हणून हिंदीत इतिहासाचं उत्तर लिहायला बसवा बरं.

स्पष्टवक्ता_नाशिक
सगळं वाचलं. पण एक प्रश्न कुणीच विचारत नाहीये, आपली मेडिकलची पोरं युक्रेनमधून हात हलवत परत आली तेव्हा त्यांच्यासाठी कोण दर गुरुवारी बसलं? ऑपरेशन गंगात साडेबावीस हजाराच्या आसपास माणसं आणली, त्यात बहुतेक विद्यार्थीच, विमानतळावर गुलाबाचं फूल दिलं आणि नंतर सरकारनेच सुप्रीम कोर्टात सांगितलं की भारतातल्या कॉलेजात सामावून घेता येणार नाही. लाखो रुपयांचं कर्ज काढलेल्या आईबापांचं काय? आधी घरचं बघा मग जगाचं.

खारकिव_रिटर्न
@स्पष्टवक्ता, मी त्यातलाच एक. चौथ्या वर्षाला होतो. नऊ दिवस मेट्रो स्टेशनच्या फरशीवर झोपलोय, त्यामुळे जरा हक्काने बोलतो. आमच्यावर अन्याय झाला हे शंभर टक्के खरं, पण तो त्या सातवीतल्या पोरीने केलेला नाही. आणि खरं सांगू का, आम्हाला जे काही वाचवलं ते त्या युक्रेनियन प्राध्यापकांनीच. मार्चच्या मध्यात ऑनलाइन लेक्चर सुरू झाली, मी साताऱ्यात गच्चीवर नेटवर्क शोधत बसायचो आणि सर तिकडे जॅकेट घालून अंधाऱ्या खोलीतून फार्माकॉलॉजी शिकवायचे, मध्येच ‘एक मिनिट’ म्हणून गायब. सप्टेंबर २०२२ मध्ये इकडच्या मेडिकल कमिशनने परवानगी दिली की दुसऱ्या देशातल्या युनिव्हर्सिटीत शिका पण डिग्री मूळ युक्रेनच्याच कॉलेजची राहील, तेव्हा मी जॉर्जियाला गेलो.

म्हणूनच मी इसारकाठची ताईंशी सहमत नाही. सहा-आठ तासात भागेल असं तुम्ही म्हणता, पण त्या मुलीला उद्या युक्रेनच्या युनिव्हर्सिटीत जायचं झालं तर एनएमटी द्यावी लागेल, त्यांची सीईटी समजा. त्यात युक्रेनियन आणि इतिहासासोबत गणित पण कंपल्सरी. परीक्षेची सेंटरं युरोपभर असतात, तो प्रॉब्लेम नाही. पण सगळं गणित जर्मनमध्ये शिकलेल्या पोरीला त्या पेपरमधला ‘लंब’, ‘छेदिका’ असला शब्द कळणार कुठून? कागद तुटला की माणूस लटकतो ताई, आम्ही लटकलोय. ज्या देशाची डिग्री त्या देशाशी धागा तुटू देऊ नये.

इसारकाठची
तुमचा मुद्दा मान्य, गणिताचा मी विचारच केला नव्हता. पण उलटं पण बघा ना, इकडे चौथीतच मुलाचा निकाल लागतो. आमच्या बायर्न राज्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास मिळून सरासरी २.३३ किंवा त्याहून कमी असेल (इथे आकडा कमी तेवढा चांगला) तर गिमनाझियम, म्हणजे युनिव्हर्सिटीकडे नेणारी शाळा, नाहीतर खालच्या शाळा. ही पोर चौथीच्या तोंडावर आली, जर्मनचा गंध नाही, गेली खालच्या शाळेत. तिथून वर यायला तिला आत्ता, या दोन वर्षांत जर्मन पक्कं करायला हवं. म्हणजे दोन्हीकडे दार बंद व्हायची तारीख एकच आहे आणि पोर एकटी आहे.

हुशार आहे हो. एकदा भागाकारावरून गंमत झाली. १४४ भागिले ६. मी आपली सवयीने भाजक डावीकडे कंसात, उत्तर उजवीकडे. ती भाजक उजवीकडे उभ्या रेघेच्या पलीकडे लिहिते आणि उत्तर त्याच्या खाली. आणि शेजारचा जर्मन मुलगा सगळं एका ओळीत, बरोबरच्या चिन्हापुढे उत्तर. तिघांचंही २४. पण तिच्या शाळेत पद्धतीचे मार्क कापले होते! उत्तर बरोबर असून. तेव्हा मीच चिडून बाईंना चिठ्ठी लिहिली.

आणि मार्कांचं वेगळंच. युक्रेनमध्ये बारापैकी मार्क, बारा म्हणजे एकदम भारी. इथे एक म्हणजे उत्तम आणि सहा म्हणजे नापास. पहिल्या टेस्टला तिला दोन मिळाले, खरं तर मस्त मार्क, पण आईने पेपर बघितला आणि रडायलाच लागली, दोन म्हणजे त्यांच्याकडे दिवे लावले. पोरगी बिचारी समजावतेय आणि आईला वाटतंय ही थापा मारतेय. शेवटी फोन मला.

डब्लिनची_वैनी
हे वाचून हसू पण आलं आणि पोटात कालवलं पण. तुम्ही निदान कुठली शाळा हे भांडताय. आयर्लंडमध्ये २०२४ मध्ये नियम आला, नवीन येणाऱ्यांना सरकारी निवाऱ्यात ९० दिवस मिळायचे, मग आपापलं घर शोधा. डब्लिनमध्ये घर! आम्हा दोघांच्या पगारात मिळत नाही. एक बाई ओळखीची झाली चर्चच्या कपडे-वाटपात, मुलाचा युनिफॉर्म घेतला, नाव भरतकाम करून शिवलं, आणि तीन महिन्यांनी दुसऱ्या काउंटीत. तो युनिफॉर्म परत द्यायला आली, धुवून इस्त्री करून. नाव तेवढं उसवलं होतं.

अशा पोराला ऑनलाइन खारकिवची शाळा हीच एक न हलणारी गोष्ट असते. तोच वर्ग, त्याच बाई, तेच मित्र स्क्रीनवर. म्हणून ताई, सरसकट बंद करा म्हणू नका. ज्याचं घर पक्कं त्याला तुमचा नियम, ज्याचं नाही त्याला नको.

व्रोत्सवाफकर
वैनींचा मुद्दा पटला. आणि मोठ्या मुलांचं अजून वेगळं. ऑगस्ट २०२५ मध्ये युक्रेनने १८ ते २२ च्या मुलांना देश सोडायची मुभा दिली, त्याआधी अठरा झालं की बॉर्डर बंद, म्हणून लोक सतराव्या वर्षीच एकट्या पोराला पाठवून द्यायचे. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये असा एक आहे. तिकडची अकरावी पास, म्हणजे शाळा संपली, पण पोलिश लिहिता येत नाही म्हणून भांडी घासतो. त्याला शाळा एक की दोन हा प्रश्नच नाही, संध्याकाळचा भाषेचा क्लास आणि त्या वेळची सुट्टी हवीये. मी मॅनेजरशी बोललो, मंगळवार-गुरुवार लवकर सोडतात आता.

करवीरकर
हे झकास केलंत.
ताई मी मागे हटत नाही, पण एक सुचवतो. पोरीला विचारलंत का कधी, तुला कुठली ठेवायची म्हणून?

इसारकाठची
विचारलं. म्हणाली दोन्ही नकोत, झोप हवी 😅 मग थोड्या वेळाने म्हणाली इतिहासाच्या बाई सोडायच्या नाहीत, त्या छान गोष्टी सांगतात.

तर आता आईशी बोलून असं ठरतंय की पूर्ण शाळेतून नाव काढून त्या सहा-आठ तासांच्या पद्धतीला घालायचं, इतिहासाच्या बाई त्यातही मिळतात का बघायचं. आणि खारकिव_रिटर्न, गणिताचे युक्रेनियन शब्द महिन्यातून एकदा तासभर तुम्ही घेता का हो ऑनलाइन? भाषा येते ना अजून?

खारकिव_रिटर्न
बाजारातली येते, भूमितीतली नाही 😀 पण माझ्या तिकडच्या रूममेटची बहीण गणित शिकवते, पोल्तावाला असते. लाइट असेल त्या दिवशी घेईल. विचारून सांगतो.

स्पष्टवक्ता_नाशिक
माझं मत बदललेलं नाही. पण जर्मनीत असल्या शिकवणीला सरकार पैसे देतं असं माझा भाचा म्हणत होता, तो तिकडे नुरेंबर्गला आहे. तुम्ही फुकट कशाला घेताय?

इसारकाठची
देतं की! जॉबसेंटरच्या, म्हणजे सरकारी मदत देणाऱ्या ऑफिसच्या, पैशावर असलेल्या घरातल्या मुलांना वह्या-दप्तराला ऑगस्टमध्ये १३० आणि फेब्रुवारीत ६५ युरो मिळतात आणि शिकवणीचे पैसे वेगळे, फक्त शाळेने लिहून द्यावं लागतं की हिला गरज आहे. या मुलीच्या आईला तीन वर्षं हे माहीतच नव्हतं, कारण फॉर्म जर्मनमध्ये आणि शाळेने आपणहून सांगितलं नाही. मागच्या महिन्यात आम्ही दोघींनी मिळून भरला, तीन पानं, दोन तास. मी गुरुवारी फुकटच बसणार, पण आठवड्याला दोन दिवस जर्मन शिकवायला एक रीतसर बाई मिळतील.

डब्लिनची_वैनी
तो फॉर्म शाळेत मिळतो का जॉबसेंटरला? माझी मावसबहीण श्टुटगार्टला आहे, तिच्या शेजारणीला हवाय.

इसारकाठची
जॉबसेंटरला. पण गरजेचा कागद वर्गशिक्षिकेकडून सही करून आणायचा, तो आधी घ्या, त्यालाच वेळ लागतो.