वाचनालयाचं व्हॉट्सॲप: वाचक वाढतात की नुसते अंगठे?

कपाट_सात
कोकणात गावोगावी वाचनालयं आहेत, कपाटं भरलेली आहेत, आणि देवघेवीच्या वहीत दर महिन्याला तीच ती नावं. माझं मत असं की व्हॉट्सॲप-इन्स्टाग्राम नीट वापरलं तर मजेखातर वाचणारे नक्की वाढतात. सगळी गोम त्या ‘नीट’मध्ये आहे.

मुखपृष्ठ टाकून खाली ‘अवश्य वाचा’ लिहिलं की कुणी जागचं हलत नाही. आतला एखादा प्रसंग घ्या, दीडशे शब्दांच्या आत, आणि ऐन पेचात तोडा. खाली पुस्तकाचं नाव, दाखल क्रमांक (वाचनालयाच्या नोंदीतला त्याचा नंबर) आणि आज किती प्रती कपाटात आहेत एवढंच. नाव फोटोतच ठेवू नका, टाइपही करा. नाहीतर महिन्याभराने ग्रुपमध्ये शोधणाऱ्याला काही सापडत नाही. पानाचा फोटो दिवसा, खिडकीशी, पुस्तक जरा तिरकं धरून. ट्यूबलाइटखाली काढला तर प्लास्टिकच्या कव्हरवर आणि गुळगुळीत कागदावर चकाकी येऊन अक्षरं जातात. आठवड्याला दोनच पोस्ट. ग्रुपला ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील’ हे सेटिंग लावा, नाहीतर सुप्रभातच्या गुलाबांखाली पुस्तक गाडलं जातं.

ओहोटी
दुखणं पोटात आणि लेप कपाळाला! बऱ्याच वाचनालयांचं दार सकाळी दोन-तीन तास आणि संध्याकाळी दोन-तीन तास उघडं. रात्री नऊला तुमचा प्रसंग वाचून ज्याला हुरहूर लागली, तो सकाळी कामावर जातो आणि परतेपर्यंत कुलूप. रविवारपर्यंत कसली हुरहूर टिकते? शिवाय प्रसंग संपला की बोट खाली सरकतं, तिथे क्रिकेट उभंच आहे.

रीलचा हिशेब तर आणखी फसवा. बघणारे ठाणे-पुण्याचे, त्यांतला एकजण तरी तुमच्या टेबलासमोर अनामत भरायला उभा राहणार आहे का?

त्यापेक्षा पेटी फिरवा. झाकणाची प्लास्टिक पेटी, २५ पुस्तकं, रेशन दुकानात किंवा पिठाच्या गिरणीवर. दर १५ दिवसांनी पुढच्या वाडीत. सोबत एक वही आणि दोरीने बांधलेलं पेन. (दोरी विसरलात तर पेन पहिल्याच दिवशी जातं.) स्पर्धा परीक्षेचं एकही पुस्तक त्यात नको, रहस्यकथा, विनोदी, भुताखेताची, लहान मुलांची चित्रवाली असू देत. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं आहे. तेव्हा कुणी रील करत नव्हतं.

कपाट_सात
तेव्हा हातात क्रिकेटही नव्हतं, ओहोटीसाहेब. पेटी उत्तमच, पण ती गिरणीवर आली हे वाडीला कळणार कसं? पंचवीस पुस्तकांच्या कण्यांचा एक फोटो वाडीच्याच ग्रुपवर टाका. नवा ग्रुप काढून लोकांना त्यात ओढण्यापेक्षा हे बरं.

वेळेचा मुद्दा मान्य. त्यावर उपाय: पोस्ट बघून ॲडमिनला खाजगीत ‘ठेवा’ लिहिलं की पुस्तक चार दिवस बाजूला. इथे घोळ होतो तो एकाच प्रतीचा. दहाजणांनी मागितलं आणि नऊ रिकाम्या हाताने गेले, तर ते पुढच्या पोस्टकडे बघतसुद्धा नाहीत. रांगेतला नंबर त्याच दिवशी कळवा आणि त्याच धाटणीचं दुसरं हाताशी ठेवा.

पाणंद
ग्रुप सगळ्यांना खुला ठेवला की कुणीतरी पुस्तकाची पीडीएफ मागतो आणि कुणीतरी टाकतोच. ॲडमिनने ती ताबडतोब सगळ्यांसाठी डिलीट करावी. ‘पुस्तक जुनं आहे, चालतं’ हे खरं नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइटचा हक्क राहतो. मालगुंडचे केशवसुत १९०५ला गेले, त्यांची कविता खुशाल पूर्ण वाचून रेकॉर्ड करा. चिं. त्र्यं. खानोलकर १९७६ला गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत परवानगी हवी. परिचयासाठी उतारा कायद्याला चालतो, पण किती ओळी याचा आकडा कायद्यात नाही. म्हणून लहान घ्या आणि सोबत स्वतःचं काहीतरी लिहा. अनुवादाचा हक्क वेगळा, तोही तपासा.

सुरंगी
तुम्ही सगळे दाखल क्रमांकात अडकलात. मजा कुठे आहे यात? ‘महिन्यात पाच पुस्तकं’ असलं आव्हान लावलं की लोक पातळ पुस्तकं शोधतात आणि सहाव्या महिन्यात गायब. ‘वाचाल तर वाचाल’ म्हणजे वाचन एरंडेल झालं! १५ ऑक्टोबरला, अब्दुल कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिनाचा हाराचा फोटो टाकतात, त्यात पुस्तक कुठे दिसतं? त्यापेक्षा ‘अर्धवट सोडलेलं पुस्तक कोणतं आणि कितव्या पानावर?’ असं विचारा. चर्चेचं सेटिंग त्या एका संध्याकाळी खुलं करा. सोडायची मुभा असली की माणूस दुसरं उचलतो.

मिरग
ह्यां सगळां बरां आसा, पण जुलैत रेंज खंय मेळता? वीज गेली की टॉवरही मान टाकतो. पावसाळ्यात फोटो-व्हिडिओ बंद, नुसता मजकूर पाठवा. तो क्षीण रेंजवरही पोचतो. पेटीत पुस्तकं झिपच्या पिशवीत घाला, आणि ओलं आलेलं पुस्तक तसंच कपाटात ठेवू नका, बुरशी शेजारच्यांनाही लागते. पानं पंख्याखाली उभी उघडून सुकवा.

आणि गणपतीत चाकरमानी येतात त्यांना वार्षिक वर्गणी सांगू नका. अनामत घेऊन आठवड्याची देवघेव ठेवा. ते गावाकडे निघायच्या आधी ही पोस्ट जायला हवी, गाडीत बसल्यावर नव्हे.

ओहोटी
गणपतीची आठवडी देवघेव पटली. बाकी भांडण वहीच मिटवेल. देवघेवीत एक रकाना वाढवा: पोस्ट बघून आलेल्याला ‘प’, पेटीतून नेलेल्याला ‘पे’. तीन महिन्यांनी मोजा. ‘पे’ जास्त निघाले तर पोस्ट करणाऱ्याने तो वेळ संध्याकाळी दार तासभर उशिरा लावण्यात घालवावा.

कपाट_सात
कबूल. पण पेटीचा फोटो बघून गिरणीवर गेलेल्याला काय लिहायचं, ते आधी ठरवू.